लिनक्सचा एक प्रयोग, पेनड्राइव्हवरून

माझ्या आत्याचा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. सहाव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आणि सुरू व्हायला इतका वेळ की बटण दाबून ती कुकर लावायला जाते. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यावर अख्खा पडदा व्यापणारी सूचना यायला लागली की विंडोज १० ची मुदत संपली आहे. "अरे, मुदत संपली म्हणजे काय? दुधाची पिशवी आहे का ही?" असा तिचा फोन आला. दुकानदाराने तिला नवा लॅपटॉप घ्या म्हणून सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने सांगितलं होतं, "काकू, लिनक्स टाका, फुकट आहे."

दोन्ही सल्ले घाईचे होते. दुकानदाराचा का, ते सांगायला नको. पण त्या मुलाचाही, कारण 'टाका' म्हटलं की जुनं पुसून नवं बसवणं आलं. लिनक्सची खरी सोय ही आहे की ते न टाकताही चालवून बघता येतं, आणि नेमकं हेच नवख्याला कोणी धड सांगत नाही.

## मुदत संपली म्हणजे नक्की काय झालं?

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ रोजी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पुढेही पडणार नाही. थांबलं ते एवढंच की यंत्रणेत नवी फट सापडली तर ती बुजवणारा अपडेट आता येत नाही. दाराचं कुलूप तेच आहे, दारही तेच. पण त्या कुलपाची नक्कल किल्ली चोरबाजारात फिरायला लागली तरी कुलूप बदलून द्यायला कोणी येणार नाही. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून एका वर्षाची वाढीव मुदत मिळू शकते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची.

मग विंडोज ११ का नाही? कारण त्याच्या अटी. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ती यादी, थोडे अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे साधारण २०१७-१८ नंतरची मशीन. आत्याचा लॅपटॉप दोन पिढ्या मागे राहिला. आडवाटेने त्यावरही विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण त्याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही, आणि उद्या अडलं तर बसवून देणाराही फोन उचलेलच असं नाही.

## चासी एक, बॉडी अनेक

आधी थोडी ओळख. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचे सुटे भाग आणि तुमचं काम यांच्या मधला कारभारी. तुम्ही 'प्रिंट' म्हणता, तो प्रिंटरला त्याच्या भाषेत सांगतो. विंडोज हा असा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा.

काटेकोर बोलायचं तर 'लिनक्स' हे फक्त गाभ्याचं नाव आहे. या गाभ्याला कर्नल म्हणतात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केलं की तो एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, निव्वळ हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. त्यांच्याकडे बाकीची अवजारं तयार होत होती, चालणारा गाभा तेवढा नव्हता. दोघांचं जुळलं.

आता एसटीचं उदाहरण घ्या. कारखान्यातून येते ती नुसती चासी: इंजिन, चाकं, सांगाडा. दापोडीच्या, चिकलठाण्याच्या किंवा हिंगण्याच्या वर्कशॉपात तिच्यावर बॉडी चढवली की तिची लालपरी होते. तशाच चासीवर दुसरीकडे दुधाचा टँकर होतो, तिसरीकडे शाळेची बस. लिनक्स कर्नल ही चासी. तिच्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिसचं सॉफ्टवेअर असं सगळं चढवून जी तयार गाडी मिळते तिला 'डिस्ट्रो' म्हणतात. डेबियन १९९३ चं, फेडोरा २००३ चं, उबुंटू २००४ चं, लिनक्स मिंट २००६ चं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही चासी हीच आहे, बॉडी गूगलची. म्हणजे 'मी लिनक्स कधी वापरलं नाही' असं म्हणणारे बरेच जण ते खिशात घेऊनच फिरत असतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी झाडून सगळे लिनक्सवर चालतात. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचा स्वतःचा डिस्ट्रो काढला, आणि केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात.

कोणता घ्यावा? या प्रश्नावर लोक महिनोन्महिने वाद घालतात. तो एक वेगळाच छंद आहे, त्यात पडू नका. विंडोजची सवय असलेल्याने मिंट घ्यावं. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, हाताला सगळं ओळखीचं लागतं. मशीन बरं असेल तर त्याची सिनॅमन आवृत्ती, आत्याच्या लॅपटॉपसारखं थकलेलं असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २ जीबी रॅम किमान लागते, ४ जीबी असेल तर बरं, आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत.

## फुकट आहे म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार!

हा संशय अगदी आपला आहे आणि रास्त आहे. फुकटच्या ॲपची किंमत आपण आपल्या माहितीने मोजतो, हे आता सगळ्यांना कळलंय. इथला हिशेब वेगळा आहे. लिनक्सचा कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, ज्या परवान्याखाली दिला जातो त्याची मुख्य अट अशी: कोणीही घ्या, बदला, विका, मात्र बदललेलं दुसऱ्याला देताना त्याचा कोडही त्याच अटींवर द्या. त्यामुळे इंटेल, गूगल, अगदी मायक्रोसॉफ्टसुद्धा स्वतःच्या गरजेपोटी आपल्या पगारी माणसांना या गाभ्यावर कामाला लावतात. पैसा सेवेत आहे. रेड हॅट ही कंपनी फुकट मिळू शकणाऱ्या या मालाची देखभाल आणि हमी विकते, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. विहिरीचं पाणी सगळ्यांचं असतं, पैसे मोटर दुरुस्त करणाऱ्याला मिळतात.

## संच टेम्पोतून येतो, प्रयोग होतो, संच परत जातो

आता मुख्य गोष्ट. सांगलीच्या नाट्यगृहात मुंबईची नाटक कंपनी येते तेव्हा काय होतं? दुपारी टेम्पो लागतो. दिवाणखाना, जिना, खिडकी, सोफा सगळं उतरतं, रंगमंचावर उभं राहतं. रात्री प्रयोग होतो. दिवे, पडदा आणि वीज नाट्यगृहाची, बाकी सगळं टेम्पोतलं. प्रयोग संपला की संच पुन्हा टेम्पोत, आणि सकाळी नाट्यगृह जसंच्या तसं.

'लाइव्ह' लिनक्स म्हणजे हेच. पेनड्राइव्ह हा टेम्पो. कॉम्प्युटर सुरू होताना त्याला सांगायचं की आज आतल्या हार्डडिस्ककडे जाऊ नकोस, या पेनड्राइव्हवरून सुरू हो. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून रॅममध्ये उभं राहतं. प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड तुमचेच वापरतं. डिस्कवरचं विंडोज पडद्यामागे निवांत झोपलेलं असतं. बंद करून पेनड्राइव्ह काढलात की पुढच्या वेळी विंडोज, नेहमीसारखं. कल्पना काही नवी नाही. २००० साली क्नॉपिक्स नावाचा डिस्ट्रो अख्खा एका सीडीवरून असाच चालायचा.

या व्यवस्थेचे दोन परिणाम आधीच समजून घ्या, नाहीतर उगाच मत वाईट होईल. एक, त्या सत्रात केलेलं काही शिल्लक राहत नाही. वाय-फायचा पासवर्ड, उतरवून घेतलेली फाइल, बदललेला वॉलपेपर, बंद केलं की सगळं गेलं. दोन, ते संथ वाटतं. प्रत्येक वस्तू पेनड्राइव्हवरून आणावी लागते आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह हा तसा दमेकरीच. ब्राउझर पहिल्यांदा उघडायला वेळ लागला म्हणून 'हे तर विंडोजपेक्षा हळू' असा निकाल देऊ नका. वेग तपासायची ही जागा नव्हे.

## टेम्पो भरायचा कसा?

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ नावाच्या प्रकारातली एकच मोठी फाइल उतरवून घ्यायची, साधारण तीन जीबीची. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

इथे नवखे हमखास अडतात. ती फाइल उचलून पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली जाते, आणि मग काहीच होत नाही. आयएसओ हा घडी घातलेला संच असतो. तो पेनड्राइव्हवर नीट मांडायला रुफस किंवा बॅलेना एचर यांसारखं छोटं सॉफ्टवेअर लागतं, विंडोजवर चालणारं आणि फुकट. फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, बटण दाबा. संकेतस्थळावर फाइलसोबत चेकसम नावाची अक्षर-अंकांची लांबलचक माळ दिलेली असते. आपल्या फाइलची माळ तिच्याशी जुळली तर फाइल वाटेत खराब झालेली नाही. नेट तुटत-जोडत तीन जीबी उतरवली असेल तर ही तपासणी टाळू नका. मी एकदा टाळली आणि एक रविवार घालवला.

मग मशीन बंद करून सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे 'कुठून सुरू होऊ?' विचारणाऱ्या यादीची, कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप किंवा एफ८. कंपनीचं चिन्ह दिसताच दोन-चार वेळा टकटक करा, एकदाच दाबून वाट बघू नका. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट सुरू. सिक्युअर बूट नावाचं कुलूप चालू असलं तरी मिंट आणि उबुंटू सहसा अडत नाहीत.

एक इशारा मात्र गंभीर आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर ही डिस्कची कुलूपबंदी चालू असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल केला की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. फोनमध्ये फोटो काढला तरी चालेल, फक्त तो फोटो त्याच लॅपटॉपवर नको.

आणि हो, मिंट सुरू झाल्यावर डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं एक चिन्ह दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. २००९ मध्ये मी कॉलेजात होतो. तेव्हा उबुंटूची सीडी मागितली की जगात कुठेही पोस्टाने फुकट यायची. ती आली त्याच रात्री मी उत्साहाच्या भरात सगळ्या प्रश्नांना हो-हो करत गेलो, आणि त्यातला एक प्रश्न संपूर्ण डिस्क पुसण्याचा होता. बाबांचे सहकारी बँकेचे दहा वर्षांचे अहवाल गेले. बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

## नाट्यगृहाचे दिवे लागतात का ते बघा

लोक लाइव्ह सत्रात वॉलपेपर बघतात, मेनू बघतात, छान आहे म्हणतात आणि बंद करतात. हा प्रयोग दिसण्यासाठी नाहीच. प्रश्न लिनक्स चांगलं आहे का हा नसून 'माझ्या' मशीनवर, 'माझं' काम होतं का हा आहे. आत्याला मी कॅलेंडरच्या पानामागे एक यादी करायला लावली: तू आठवडाभरात या लॅपटॉपवर जे जे करतेस ते लिही. यादी अशी आली. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मराठीत टाइप करणे, ते छापणे, बँकेचं खातं बघणे, यूट्यूबवर कीर्तन, अमेरिकेतल्या नातीशी व्हिडिओ कॉल, पत्ते.

पहिलाच अडथळा वाय-फायचा. यादीत नेटवर्क दिसेचना. काही वाय-फाय चिपांचा ड्रायव्हर, म्हणजे कारभाऱ्याने त्या भागाशी कसं बोलायचं याची टिपणवही, खुला नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो. तो घ्यायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वाय-फाय. यावर सोपा तोडगा म्हणजे फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू करायचं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने ती वही आणून दिली आणि वाय-फाय लागलं. हा अडथळा लिनक्स टाकून झाल्यावर आला असता तर आत्याने मला घरात घेतलं नसतं.

बाकी तपासणीही अशीच बारीक करावी. आवाज येतो का, हेडफोन लावल्यावर तिकडे जातो का. कॅमेरा आणि माइक. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा. झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स इथे बरेचदा अडखळतं आणि कोणी तपासत नाही. प्रिंटर खरंच जोडून एक पान छापा. एचपीचे बरेचसे प्रिंटर काही न करता चालतात, पण काही जुन्या लहान लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर बसवताना माणूस रडकुंडीला येतो.

मराठीचं काय? टायपिंगची सोय आत आहेच. आयबस नावाच्या व्यवस्थेतून इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि उच्चाराप्रमाणे रोमन कळांवरून टाइप करायचं असेल तर तोही. अडचण जुन्या फाइलींची आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून श्रीलिपी, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरांनी लाखो पानं टाइप झाली. त्यातल्या बऱ्याच फाइलींत मराठी अक्षरं खऱ्या अर्थाने मराठी नसतातच. रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो, आणि तो मुखवटा म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट. फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा. तो फॉन्ट लिनक्समध्ये बसवला तर फाइल वाचता येते, पण टाइप करणारं मूळ सॉफ्टवेअर विंडोजचं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, टाइप केलेल्या फाइलींना हा त्रास नाही. आत्याची इतिवृत्तं युनिकोडमध्ये निघाली, तिच्या शाळेतले जुने अहवाल मात्र नाहीत.

## पण माझं टॅली, माझं कोरल, माझं फोटोशॉप?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि लिनक्सचे भक्त तो सगळ्यात हलक्यात घेतात. सरळ सांगतो. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, इनडिझाइन, ऑटोकॅड, कॉम्प्युटरवर बसवायचं एमएस ऑफिस यांपैकी एकही लिनक्ससाठी बनत नाही. वाइन नावाचा एक दुभाष्या आहे. १९९३ पासून लोक तो घडवतायत. विंडोजच्या सॉफ्टवेअरचं बोलणं तो लिनक्सला समजावून सांगतो. कधी अस्खलित, कधी अर्धवट. महिनाअखेरीला जीएसटीचं विवरण भरायचं असताना अर्धवट दुभाष्या परवडत नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळतं का, आणि तुम्हाला लागणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर त्याने सही होते का, हे स्वतः करून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. डीटीपी, टॅक्सचं काम, आर्किटेक्टचं ऑफिस असं ज्यांचं पोट या सॉफ्टवेअरांवर आहे, त्यांनी कामाच्या मशीनवर विंडोज ठेवावं. यात कमीपणा नाही.

उलट आत्यासारख्यांचं जवळजवळ सगळं काम ब्राउझरमध्ये असतं, आणि ब्राउझरला खाली कोण आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. दोन्हींच्या मधले लोक सगळ्यात जास्त. त्यांचं वर्डमध्ये चालतं, एक्सेलमध्ये चालतं, दुसऱ्याने पाठवलेली फाइल भरून परत द्यायची असते. त्यांना माझा सल्ला उलट्या दिशेचा आहे: ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याआधी, विंडोजवरच लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी टाका आणि महिनाभर त्यांच्यावरच काढा. तिन्ही दोन्हीकडे चालतात. वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते. पण तक्ते कधी सरकतात, ओळ पुढच्या पानावर जाते. तुमच्या फाइलींत हे कितपत होतं ते आपल्या ओळखीच्या घरात बसून कळेल. घर आणि भांडी एकाच दिवशी बदलली की मीठ सापडत नाही.

खेळांचं थोडक्यात: वाल्व कंपनीच्या प्रोटॉन या, वाइनवरच बेतलेल्या, दुभाष्यामुळे विंडोजचे पुष्कळ खेळ आता लिनक्सवर चालतात. २०२२ मध्ये आलेलं त्यांचं स्टीम डेक हे यंत्र लिनक्सवरच आहे. पण फसवाफसवी पकडणारी खास यंत्रणा लागणारे काही ऑनलाइन खेळ, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, चालत नाहीत.

## काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात ना?

आता क्वचित. मिंटमध्ये सॉफ्टवेअर टाकणं, अपडेट करणं, प्रिंटर जोडणं सगळं माउसने होतं. मात्र अडचण आल्यावर मदत शोधलीत तर उत्तरं बहुधा टर्मिनलच्या, म्हणजे त्या काळ्या पडद्यावरच्या, आज्ञांत मिळतील, कारण 'इथे क्लिक करा, मग तिथे' लिहिण्यापेक्षा एक ओळ देणं सोपं. आज्ञा काय करते हे कळल्याशिवाय ती चिकटवू नका, विशेषतः 'सुडो'ने सुरू होणारी. सुडो म्हणजे तिजोरीची किल्ली हातात देणं. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही फुकट.

## व्हायरस येत नाहीत हे खरं का?

कमी येतात. एक कारण म्हणजे घरगुती लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून चोरांना तिकडे फारसा रस नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: इथे सॉफ्टवेअर कुठल्याही गल्लीतल्या संकेतस्थळावरून उचलायचं नसतं. डिस्ट्रोचं स्वतःचं भांडार असतं, माल तिथूनच घ्यायचा, फोनच्या प्ले स्टोअरसारखा. क्रॅक केलेलं विंडोज आणि त्यासोबत येणारा 'ॲक्टिव्हेटर' ज्यांनी टाकून घेतलाय त्यांना हा फरक पटेल.

"पण कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसतोच की." दिसतो. मार्च २०२४ मध्ये उघड झालं की एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा घातला होता. त्याआधी दोनेक वर्षं त्या माणसाने, किंवा माणसांनी, गोड बोलून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. पकडलं कोणी? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरने. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एवढ्याशा शंकेने तो खणत गेला. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये! बहुतेक लोकांपर्यंत तो माल पोचण्याआधीच हे सापडलं. या गोष्टीवरून कोणी म्हणेल व्यवस्था चालली, कोणी म्हणेल नशीब. मला दोन्ही खरं वाटतं.

## प्रयोग रंगला, आता पुढे?

दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवून सुरू करताना निवडायची, याला ड्युअल बूट म्हणतात. मिंटचा इन्स्टॉलर ते करून देतो. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर ती उघडते का तेही बघा. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्स त्या डिस्कवर काही लिहायला नकार देतं, जे योग्यच आहे. आणि एक गंमत: ड्युअल बूट केल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसलं तर घाबरू नका. मशीनमधल्या घड्याळाची वेळ लिनक्स ग्रीनिचची मानतं, विंडोज स्थानिक मानतं. भारतात या मतभेदाची किंमत बरोबर साडेपाच तास. एका ओळीच्या आज्ञेने तो मिटतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे विंडोजच्या आत एका खिडकीत लिनक्स चालवणं. ८ जीबी रॅमच्या पुढे ठीक, पण त्यात वाय-फाय आणि प्रिंटरची खरी परीक्षा होत नाही, कारण त्यांच्याशी बोलणारं विंडोजच असतं.

आत्याच्या लॅपटॉपला मी तिसरीच वाट काढली. त्यातली जुनी फिरती हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि तिच्यावर मिंट टाकलं. लॅपटॉप आता कुकरची वाट न बघता सुरू होतो, पण त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं आहे. तिच्यावर विंडोज टाकलं असतं तरी फरक पडलाच असता. 'लिनक्सने मशीन उडायला लागलं' असं सांगणाऱ्याला आधी विचारा, डिस्क बदललीस का?

तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात चार फोन आले, त्यातले दोन पत्त्यांबद्दल: खेळ सापडत नाही, आणि सापडला तर पत्ते वेगळे दिसतात. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाठवलेला तक्ता वाकडा उघडला म्हणून एक. या आठवड्यात अजून एकही नाही. काढलेली हार्डडिस्क तिने प्लास्टिकच्या डब्यात घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहे. डब्यावर तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: "विंडोज. सर्व आत आहे. टाकू नये."